मधली पट्टी

खिळा तोच होता. त्यावर टांगलेली वस्तू बदलली. रविवारी संध्याकाळी वडिलांकडून परतलेली खारू बुटांसकट पलंगावर चढली. भिंतीवरचं भिंगांचं झुंबर तिने दोन्ही हातांनी, दुधाचं भांडं उतरवावं इतक्या जपून, खाली घेतलं आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. मग पिशवीतून काहीतरी रंगीत, लोंबतं काढून त्याच खिळ्याला अडकवलं आणि दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून ते पाहिलं. "काढून टाकलं नाही हं आई. नीट ठेवलंय," ती म्हणाली. आई दारात उभी होती, तिच्या हातात ओला टॉवेल होता. 'नीट ठेवलंय' हे शब्द तिला अनोळखी नव्हते. गेलेल्या माणसाच्या वस्तूंविषयी घरोघर असंच बोललं जातं. ते झुंबर तिने खारूच्या जन्माआधी केलं होतं. आपल्या कामाच्या चष्म्याच्या दुकानात वाया गेलेली, कडा फुटलेली, हिरवट, तपकिरी, धुरकट भिंगं तंगुसाच्या पारदर्शक दोऱ्याला बांधून तिने अशी टांगली होती, की सकाळी खिडकीतून ऊन आलं म्हणजे भिंतीवर फिकट ठिपके हलत. झोपेतून उठलेलं बाळ त्या ठिपक्यांना मुठीत धरू पाहत असे. आता तिथे दोऱ्याच्या गाठी होत्या, आणि गाठींमधून ऊन जात नाही.

"हे काय?" तिने विचारलं, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"वॉल हँगिंग. भरतकामाच्या रेशमाचं. आम्ही दोघींनी केलं, मावशीनं आणि मी."

दोघींनी. तिच्या कानांनी मात्र 'मावशीनं' एवढंच ऐकून घेतलं आणि उरलेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं. खारू पलंगावर बसून बूट काढू लागली तेव्हा दुसरी गोष्ट आईच्या नजरेला पडली. लेसचे बो आडवे, सपाट, बुटाच्या रुंदीवर अगदी सरळ बसलेले होते, वर आणखी एक गाठ मारलेली होती. असे बो या घरात कधीच बांधले जात नसत. "बूट कुणी बांधले?" "मावशीनं. सारखे सुटत होते ना." टॉवेल वाळत घालायला आई गच्चीकडे गेली आणि दोरीसमोर टॉवेल हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.

मावशी! वडिलांच्या नव्या बायकोला हाक मारायला कुणीतरी हा शब्द शोधून काढला होता, आणि शोधणाऱ्याने तो काही दुष्टपणाने शोधला नसणार, हे तिला कळत होतं. पण मावशी म्हणजे आईची बहीण. जिला तिने एकदाच, तीही शाळेच्या फाटकाशी, गाडीच्या काचेआड पाहिलं होतं, ती बाई न विचारता तिची बहीण होऊन बसली होती. लहानपणी तिची आई लाडात येऊन म्हणायची, 'माय मरो पण मावशी जगो', आणि सगळ्या बहिणी खदखदून हसायच्या. त्या म्हणीत एक बाई मरते, याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता ती म्हण एखाद्या जुन्या दुखऱ्या दाढेसारखी जिभेला लागत राहिली. जीभ तिथे नेऊ नये असं ठरवावं, आणि जिभेने तिथेच जावं.

पुढचे दिवस ती त्या लटकनाकडे चोरून पाहत राहिली. खारू दात घासत असताना, खारूची चादर घडी करताना, किंवा काहीच कारण नसताना. सोललेल्या काटकीवरून शेजारी शेजारी पाच पट्ट्या उतरल्या होत्या. कडेच्या चार सपाट, घट्ट, एकसारख्या, इस्त्री केल्यासारख्या. खाली विंचरलेली झालर. त्या चार पट्ट्यांचा तिला फारसा त्रास झाला नाही. टापटीप म्हणजे शेवटी सवय, आणि सवय कुणालाही लागते. तिला छळत होती ती मधली. ती सपाट नव्हती. स्वतःभोवती वळत, निळ्यातून जांभळ्यात आणि जांभळ्यातून पुन्हा निळ्यात शिरत, एखाद्या मनोऱ्याच्या आतल्या जिन्यासारखी ती खालच्या गोंड्यापर्यंत उतरत होती. पाहणाऱ्याची नजर त्या जिन्यावर पाऊल ठेवून बसे आणि उतरल्याशिवाय तिला सुटका नसे. हे मिरवणं आहे, तिने स्वतःला सांगितलं. चार पट्ट्या साध्या करायच्या आणि मधे आपलं कसब असं ठेवायचं, की पोरीने झोपताना तेच पाहावं, उठताना तेच पाहावं. मधल्या पट्टीत अर्ध्यावर एक बारीकशी फट होती. दोन गाठींमध्ये नुसतेच उघडे धागे दिसत. ती फट सापडली तेव्हा तिला झालेला आनंद इतका क्षुद्र होता, की तिची तिलाच शरम वाटली. तरीही ती मनात म्हणालीच: इथे चुकल्या की बाईसाहेब!

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसांच्या नाकावर जड चौकट चढवायची, तिच्यात भिंगं सरकवायची आणि समोरच्या उजळ अक्षरांकडे बोट करून विचारायचं, "आता बरं, की आधीचं?" दिवसभर हाच प्रश्न. माणसं बिचकतात, परीक्षेला बसल्यासारखी घाम पुसतात, चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा मिळेल या भीतीने भिंग पुन्हा पुन्हा बदलायला लावतात. शेवटी फरक इतका बारीक होतो की माणूस थकून म्हणतो, "दोन्ही सारखंच." तेव्हा थांबायचं. दोन्ही सारखंच वाटू लागलं की नंबर बरोबर लागला, असं तिला शिकवलं गेलं होतं, आणि इतक्या वर्षांत तिने त्यावर कधी शंका घेतली नव्हती. पण त्या आठवड्यात अंधारात बसून दुसऱ्यांना तो प्रश्न विचारताना ती स्वतःच मध्ये अडखळू लागली. कारण तोच प्रश्न तिला घरी विचारायचा होता. खारूच्या वडिलांचा फोन येऊन गेला होता. नवी शाळा त्यांच्या घरापासून जवळ, मैदान मोठं. पुढच्या वर्षापासून खारू तिकडे राहिली आणि सुटीच्या दिवशी इकडे आली तर? त्याचा आवाज नेहमीसारखा समजूतदार होता. त्या समजूतदारपणापायीच तर तिने संसार मोडला होता. "आपण भांडायला नको. तिलाच विचारू. तू विचार, म्हणजे माझा दबाव नको." उत्तर रविवारपर्यंत हवं होतं. तिकडे बरं, की इकडे? ती प्रश्न जिभेवर घेऊन हिंडत होती आणि खारूसमोर येताच गिळून टाकत होती. कारण भिंतीवरचा जिना उत्तर आधीच देऊन बसला आहे, असं तिला वाटे.

मग तिने रेशीम विकत आणलं. का आणलं, हे दुकानदाराने विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. निळी लडी आणि जांभळी लडी, तेच रंग. रंग ओळखण्यात तिचा हात कोण धरणार! जेवणाच्या सुटीत, मागच्या खोलीतला दिवा लावून, तिने एका मोडक्या फ्रेमची दांडी टेबलाच्या खणात अडकवली आणि तिच्यावर दोरे दुमडून बांधले. मोबाइलवर कुणाचे तरी गोरे, घाई नसलेले हात दिसत होते. मधले दोन दोरे नुसते ताठ धरायचे, कडेच्या दोघांनी त्यांच्याभोवती गाठ मारायची. हात सोपं करून दाखवत होते, जसं सगळेच दुसऱ्याचे हात दाखवतात. रेशीम मात्र तिच्या बोटांना दाद देईना. एका दोऱ्यातले सहा पदर एकमेकांशी फुगून बसत, लडी ओढावी तर गुंता निघे, दोरा मध्येच तोकडा पडे आणि केलेलं सगळं उसवून पुन्हा लांब दोरा कापावा लागे. दिवसभर केसाएवढा फरक पारखणारी तिची बोटं इथे एखाद्या पाहुण्यासारखी अवघडली होती.

"अगं, चष्म्याच्या दोऱ्या विणायला घेतल्यास की काय?" फ्रेमा दाखवणाऱ्या बाई दारातून डोकावल्या. त्या तिच्याहून थोड्या मोठ्या, जिभेने फटकळ आणि डब्याने सढळ. "की मालकांसाठी फास?"

"लेकीच्या खोलीसाठी करतेय."

"त्या खोलीत लागलंय म्हणालीस ना एक?" बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "हं. म्हणजे लेकीसाठी नाही, लेकीच्या मावशीसाठी."

"तुम्हाला काही कामं नाहीत का?"

"आहेत की. पण हे बघायला जास्त मजा येते." मग त्या वाकल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "अगं, पण हे फिरतंय बघ! वळतंय आपोआप. मला वाटलं सरळसोट पट्टी करतेयस. हे अवघड असेल नाही?"

तिने पाहिलं. दांडीवरून उतरलेली पट्टी खरंच स्वतःभोवती वळू लागली होती. निळा, जांभळा, पुन्हा निळा. मोबाइलवरच्या हातांनी सपाट पट्टी केली होती, तिनेही सपाटच करायला घेतली होती, आणि निघाला होता जिना. जे त्या बाईने मधोमध मिरवलं, ते तिच्या हातून न शिकता, न ठरवता, पहिल्या बैठकीला उतरलं होतं! त्या दुपारी तिने तपासलेल्या सगळ्या माणसांना ती बहुधा फार प्रेमळ वाटली असावी. फक्त एक खुपत राहिलं. सपाट पट्टी तिला काही केल्या जमेना. ती सपाट करू जाई आणि जिना होई, जणू तिच्या हातांना एकच वाट माहीत होती.

गुरुवारी दुकान बंद असे. खारू शाळेत गेली होती, घरात दुपारचा तो पिवळा, रिकामा उजेड होता, ज्यात भांड्यांवरचे ओरखडेही स्पष्ट दिसतात. तिने लटकन खिळ्यावरून उतरवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं ठेवलं आणि शेजारी आपला निळा-जांभळा तुकडा ठेवला. केवळ पाहायचं होतं. मग केवळ एक गाठ सोडून पाहायची होती: आपली आणि तिची एकच आहे का, की तिची काही खास. तिने खालचा गोंडा सोडला, सुईचं टोक शेवटच्या गाठीत घातलं आणि हळूच उचललं. गाठ सैल होती, चटकन उकलली. डावीकडचा पदर वरून. तिने आपल्या तुकड्यातली एक सोडली. डावीकडचा वरून. पुन्हा तिकडची एक, डावीकडचा. पुन्हा इकडची. एकदा सुरुवात झाली की उसवण्यालाही एक लय येते, एखाद्या व्यसनासारखी. गाठीमागून गाठ निघत गेली आणि प्रत्येक गाठीबरोबर आतलं काहीतरी आंबट, तृप्त होत गेलं. त्या बाईचे हात आपण एकेक बोट करून मागे सारतो आहोत, पोरीच्या उशापासून, पोरीच्या बुटांपासून, असं तिला वाटलं. फट आली, गेली. जिना पायरी पायरीने नाहीसा झाला आणि टेबलावर नुसते दोरे उरले. ते दोरे मात्र सरळ नव्हते, वळणा-वळणाचे झाले होते. गाठ जाते, पण दोऱ्याला तिची आठवण राहते.

इतकं सारखं कसं? हा प्रश्न आधी बोटांना पडला, मग तिला. दोन बायका, ज्यांनी एकमेकींना धड पाहिलेलंही नाही, त्यांच्या हाताला एकच खोड कशी? कडेच्या सपाट पट्ट्यांकडे तिने आता प्रथमच नीट पाहिलं. तिथे एक गाठ डावीकडून होती, पुढची उजवीकडून. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. म्हणून ती पट्टी कुठेच कलत नव्हती. मधलीत सगळ्या डाव्याच. म्हणजे मधली पट्टी अवघड नव्हती. ती चुकलेली होती.

आणि मग तिला बूट आठवले. खारूला लेस बांधायला तिने शिकवलं होतं, पायऱ्यांवर बसून, पोरीला मांडीत घेऊन, मागून आपले हात तिच्या हातांवर ठेवून. 'डावी वरून. आता कान कर. पुन्हा डावी वरून. ओढ.' तिच्या स्वतःच्या आईने तिला तसंच शिकवलं होतं. त्या पद्धतीने बांधलेला बो कधी आडवा बसत नसे. तो बुटावर उभा राही, एक कान पायाच्या घोट्याकडे, एक बोटांकडे, आणि शंभर पावलांत सुटे. खारूचे वडील हसायचे. 'आईलेकींचे बूट म्हणजे कायम उघडी दारं.' तेव्हा त्या हसण्यात तीही सामील होती. तिने टेबलावरचे मधले दोरे उचलून त्यांची टोकं उजेडात धरली. गोंड्याच्या आत लपलेली ती टोकं चावून चपटी, कडक झालेली होती. अगदी तशी, जशी खारूच्या सगळ्या पेन्सिलींची टोकं असत, ज्या सवयीमुळे तिचं नाव खारू पडलं होतं.

आपण कुणाचे हात मागे सारले, हे तिला कळलं. पाच पट्ट्यांपैकी एकच खारूची होती आणि तेवढीच तिने उसवली होती. गेले चार दिवस तिने जिचा द्वेष केला, ती तिची स्वतःची चूक होती, तिच्या आईची चूक, पोरीच्या बोटांत उतरून भिंतीवर चढलेली. शाळा सुटायची वेळ होत आली होती. तिने दोरे ओले करून ताणले, मधले दोन ताटलीखाली दाबून ताठ केले आणि ती बांधू लागली. डावी वरून. डावी वरून. यासाठी कुठल्याही व्हिडिओची गरज नव्हती. बोटं धावत होती, पट्टी आपसूक वळत होती, निळा, जांभळा, निळा. आणि इतक्या दिवसांत प्रथमच ते रेशीम तिला परकं वाटलं नाही. पायऱ्यांवरची ती दुपार, मांडीतल्या पोरीच्या केसांचा घामट वास, सगळं एकेका गाठीत आवळलं जात होतं. दारावरची बेल वाजली तेव्हा लटकन खिळ्यावर होतं आणि तिचे हात पदराने पुसून कोरडे झाले होते.

खारूने दप्तर टाकलं, पाणी प्यायली, खोलीत गेली.

"आई, माझी खिडकी कुठे गेली?"

"कसली खिडकी?"

"इथे मधे होती. बाबांनी हाक मारली म्हणून मी उठले आणि मग परत आल्यावर थोडं खाली धरलं. तर मोकळी जागा राहिली. मी म्हटलं, ती माझी खिडकी." खारू पट्टी बोटांनी चाचपत होती. "आणि हे घट्ट आहे. माझं एवढं घट्ट नव्हतं." तिने मागे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, शोध होता. तो जास्त वाईट. "तू सोडलंस?"

"हो."

"का?"

का, याची सगळी उत्तरं तिच्याजवळ होती आणि एकही नऊ वर्षांच्या मुलीला देण्याजोगं नव्हतं. "कसं केलंय ते बघायचं होतं," ती म्हणाली. "मलाही करायचं होतं. मला वाटलं, ही पट्टी तिने केली."

"मावशीनं? ती असं नाही करत. तिचं सपाट येतं." खारू पलंगावर बसली, पाय हलवू लागली. "मला पण शिकवत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून. पण माझं फिरतच होतं. मी म्हटलं, सोडून परत करते. तर ती म्हणाली, असं गाठ मारायला तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आईनं. मग ती म्हणाली, मग राहू दे. सोडू नकोस. हीच मधे लावू."

खारूचे पाय पलंगाच्या फळीला लागत होते. मधे लावू. म्हणजे त्या बाईने आपल्याला ओळखलं होतं; न पाहता, न बोलता, पोरीच्या चुकीवरून. ओळखून बाजूला सारलं नव्हतं, आपल्या चार नेटक्या पट्ट्यांच्या मधोमध जागा दिली होती. तिने कृतज्ञ व्हायला हवं होतं. पण आत उसळलं ते जुनंच, फक्त अधिक निवळ, अधिक धारदार. आपल्या हातून जे घडलं ते उसवणं, आणि मोठेपणा घ्यायचा तोही त्या बाईनेच घ्यावा! हेवा करायलाही त्या बाईने जागा ठेवली नव्हती. मत्सराला शत्रू लागतो. इथे समोर उभी होती एक बाई, जी म्हणाली होती, सोडू नकोस.

"दाखव मला," ती अखेर म्हणाली. "सपाट कसं करायचं ते."

खारूचा चेहरा उजळला. तो टेबलावरचा निळा-जांभळा तुकडा तिने पळत जाऊन आणला, आपल्या पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि आईला समोर बसवलं. "डावी वरून. बरोबर. ओढ. आता तिकडून." आईचा हात सवयीने पुन्हा डावीकडे गेला. "अगं, इकडून नाही! आत्ताच तर इकडून झालं. आता तिकडून." पोरीने तिचा उजवा हात धरला आणि मागून नव्हे, समोरून, आपल्या लहान बोटांनी उजव्या पदरावर ठेवला. एकदा इकडून. एकदा तिकडून. चार-सहा गाठी झाल्या आणि पट्टी निमूट, सरळ खाली आली, कुठेच न कलता. वर तिचा जिना होता, खाली हा सपाट रस्ता.

"बघ!" खारू म्हणाली. मग मान तिरकी करून, अगदी अंधाऱ्या खोलीतल्या त्या सुरात, जो तिने दुकानात खुर्चीवर बसून कितीदा ऐकला होता, तिने विचारलं, "आता बरं, की आधीचं?"

पोर उत्तराची वाट पाहत होती. डोळे मोठे, पाय हलायचे थांबलेले. आधीचं, असं आईला ओरडून सांगावंसं वाटलं. आधीचं, ते वळणारं, चुकलेलं, माझं. पण त्या चेहऱ्यावर तिला दिसलं, की कोणतंही एक नाव घेतलं तर या मुलीला दुसरं खणात नीट ठेवावं लागेल.

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिला उमगलं, की खुर्चीवरची ती सगळी थकलेली माणसं बहुधा खोटं बोलत होती. त्यांना फरक दिसत असे. नुसतं निवडणं नको झालेलं असे, आणि विचारणाऱ्याला दुखवणंही. रविवारी तिने तो दुसरा प्रश्न विचारला असता, तर खारूनेही हेच उत्तर दिलं असतं, अशाच शहाण्या, दमलेल्या आवाजात, आणि दोन मोठ्या माणसांनी नंबर बरोबर लागला म्हणून सुटकेचा श्वास टाकला असता. नाही. तो प्रश्न पोरीला विचारायचा नाही. जे काही व्हायचं ते तिच्या वडिलांशी आपण बोलायचं, भांडायचं असेल तर भांडायचं.

"मग माझी खिडकी?" खारूने विचारलं.

"ती तूच कर परत. हवी तिथे."

खारू पलंगावर चढली आणि मधली पट्टी खालून सोडू लागली. बाकीचं लटकन निवांत, सपाट होतं. नव्याने बांधलेली मधली पट्टी मात्र अजून ओलसर होती. पोरीच्या बोटांतून सुटताच ती स्वतःभोवती फिरून हळूहळू डावीकडे वळत राहिली.